उतार आणि तीर्थ : गॅलिपोलीच्या राष्ट्रीय स्मृतीचे भाषिक परीक्षण

१

मराठीत 'तीर्थ' हा शब्द आज पावित्र्याचा वाचक झाला आहे; परंतु त्याचा मूळ अर्थ अगदी व्यावहारिक आहे. 'तॄ' म्हणजे तरणे, ओलांडणे, या धातूपासून तो सिद्ध होतो. आणि जेथे पाण्यात उतरता येते किंवा नदी पायी ओलांडता येते ती जागा, एवढाच त्याचा प्रारंभीचा अर्थ होय. त्याच धातूला 'उत्' उपसर्ग लागून झालेले संस्कृत 'उत्तरति' हे क्रियापद पाण्यातून बाहेर येण्याची क्रिया सांगते. मराठी 'उतरणे' आणि 'उतार' हे शब्द याच कुळातले. 'नदीला उतार आहे' असे म्हणताना ती ओलांडण्याजोगी आहे, हेच अभिप्रेत असते. उतार आणि तीर्थ हे मुळात सख्खे भाऊच होत. एक वहिवाटीत राहिला; दुसऱ्याला देवत्व आले.

ओलांडण्याची जागा पूजेची जागा कशी होते, हा प्रश्न केवळ नद्यांपुरता नाही. २५ एप्रिल १९१५ रोजी, पहिल्या महायुद्धाच्या नवव्या महिन्यात, ब्रिटिश साम्राज्याच्या व फ्रान्सच्या सैन्याने तुर्कस्थानातील गॅलिपोलीच्या द्वीपकल्पावर व समोरच्या आशियाई किनाऱ्यावर सैन्य उतरविले. ती मोहीम लष्करी दृष्ट्या पूर्णपणे फसली. तरीही तिच्यातील एका चिंचोळ्या किनाऱ्याला ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या दोन देशांत तीर्थाचे माहात्म्य लाभले. आणि ज्यांनी तो किनारा राखला, त्या तुर्कांच्या राष्ट्रीय जीवनातही त्याच मोहिमेला तितकेच मानाचे स्थान मिळाले. घटना एक, स्मृती अनेक. या स्मृती कोणत्या शब्दांनी घडल्या, त्या शब्दांनी काय राखले आणि काय गाळले, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२

घटनेचा सांगाडा थोडक्यात असा. दार्दानेल्सची सामुद्रधुनी केवळ आरमाराच्या बळावर भेदून उस्मानी राजधानी गाठावी, हा पहिला बेत १८ मार्च १९१५ रोजी उधळला गेला. तुर्कांनी पेरलेल्या पाणसुरुंगांमुळे त्या एका दिवसात तीन मोठ्या युद्धनौका बुडाल्या. त्यानंतर भूसेना उतरविण्याचे ठरले. मुख्य ब्रिटिश फौज द्वीपकल्पाच्या टोकाला, हेलेस येथे उतरली. फ्रेंचांनी आशियाई बाजूस कुम काले येथे सैन्य उतरविले. ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडच्या दलाला उत्तरेकडील आरिबुर्नूच्या भुशिराजवळ, योजलेल्या जागेहून काहीसे दूर, पहाटेच्या अंधारात किनारा गाठावा लागला. समोर कड्यांवर तुर्कांची संख्या प्रथम थोडी होती. पण दिवस वर येताच मुस्तफा केमाल याने आपल्या १९ व्या डिव्हिजनमधील ५७ वी रेजिमेंट पुढे आणली आणि चढाई डोंगरकड्यांवरच अडली. पुढील आठ महिने ती तेथेच अडून राहिली. डिसेंबर १९१५ मध्ये उत्तरेकडील व जानेवारी १९१६ मध्ये दक्षिणेकडील सैन्य काढून घेण्यात आले. ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांहून अधिक, न्यूझीलंडचे पावणेतीन हजारांच्या आसपास, ब्रिटनचे एकवीस हजारांच्या घरात, फ्रान्सचे सुमारे दहा हजार असे सैनिक मृत्यू पावले. उस्मानी बाजूचे मृत, रोगराईचे बळी धरून, ऐंशी हजारांच्या पुढे मानले जातात.

या आकड्यांवरूनच एक गोष्ट स्पष्ट होते. स्मृतीची उंची मृतांच्या संख्येवर अवलंबून नसते. ब्रिटनचे मृत ऑस्ट्रेलियाच्या अडीच पट होते. पण ब्रिटनने गॅलिपोलीचा राष्ट्रीय दिन केला नाही. फ्रान्सच्या सार्वजनिक स्मृतीत तर ही मोहीम जवळजवळ नाहीच. मग फरक कशामुळे पडला? इतिहासकार त्याची उत्तरे राजकारणात शोधतात, आणि ती योग्यच आहेत. परंतु भाषेच्या अभ्यासकाला त्याहून जवळचे एक कारण दिसते. जेथे घटनेला स्वतंत्र नाव मिळाले, तेथे स्मृती टिकली. आणि त्या नावाच्या व्याकरणाने तिचा आकार ठरविला.

३

'अँझॅक' हा शब्द म्हणजे 'ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड आर्मी कोअर' या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांची जुळणी. १९१५ च्या आरंभी कैरो येथील कचेरीत तारा पाठविण्याच्या सोयीसाठी ती केली गेली. तिच्यात काव्य नव्हते, अर्थाची छटाही नव्हती. शिक्क्यावर मावावे एवढाच तिचा गुण. परंतु वर्षभरात या निरर्थक शब्दात अर्थाचे थरावर थर साचत गेले. प्रथम तो एका सैन्यदलाचा वाचक होता. मग ते दल उतरले त्या किनाऱ्याचा. नंतर त्या दलातील एकेका सैनिकाचा. २५ एप्रिल १९१६ पासून एका दिवसाचा. आणि अखेर एका वृत्तीचा, राष्ट्राच्या स्वभावाचा. संस्थेकडून स्थळाकडे, स्थळाकडून व्यक्तीकडे आणि व्यक्तीकडून गुणाकडे झालेला हा अर्थप्रवास लक्षणाव्यापाराचे उत्तम उदाहरण आहे. शब्दाला पूर्वायुष्य नसल्यामुळेच तो इतक्या त्वरेने पवित्र होऊ शकला. जुन्या शब्दाला जुने संबंध चिकटलेले असतात. कोऱ्या शब्दाला ते नसतात.

पावित्र्याबरोबर सोवळेही आले. ऑस्ट्रेलियात व न्यूझीलंडमध्ये १९१६ पासूनच या शब्दाच्या व्यापारी वापरावर निर्बंध घालण्यात आले, आणि ऑस्ट्रेलियात १९२१ साली त्यासाठी स्वतंत्र नियम झाले. आजही परवानगीवाचून तो दुकानाला वा मालाला देता येत नाही. या नावाच्या बिस्किटांना मात्र सूट आहे. पण ती परंपरागत पद्धतीनेच केली पाहिजेत, आणि त्यांना 'कुकी' म्हणता कामा नये. ही अट वरवर हास्यास्पद वाटते. वस्तुतः ती अर्थपूर्ण आहे. नामोच्चाराचे नियम जेथे असतात तेथे शब्द केवळ संज्ञा राहत नाही, नाममंत्र होतो.

याच घटनेचे दुसरे नाव म्हणजे 'द लँडिंग', अर्थात 'उतरणे'. ऑस्ट्रेलियात एवढे म्हटले की पुरते; कोणते, कोठले, हे सांगावे लागत नाही. हे नाव अकर्मक क्रियापदापासून झालेले आहे. उतरणाऱ्याला कर्म लागत नाही. 'चढाई' म्हटले की 'कोणावर' हा प्रश्न लगेच उठतो. 'आक्रमण' म्हटले की ज्याच्यावर ते झाले तो वाक्यात येतोच. 'उतरणे' मात्र कर्त्यापाशी सुरू होते आणि कर्त्यापाशीच संपते. किनारा कोणाचा होता, हे सांगण्याची सक्ती हे क्रियापद करीत नाही. ऑस्ट्रेलियन स्मृतीची बरीच निरागसता या व्याकरणातून आलेली आहे.

४

या स्मृतीचे आद्य ग्रंथकार कोण, हे पाहिले म्हणजे एक विलक्षण गोष्ट आढळते. ऑस्ट्रेलियन जनतेने या घटनेचे पहिले सविस्तर वर्णन ८ मे १९१५ रोजी वाचले, आणि ते एलिस अ‍ॅशमीड-बार्टलेट या इंग्रज बातमीदाराचे होते. पहाटेची लढाई त्याने युद्धनौकेवरून पाहिली होती. प्रत्यक्ष किनाऱ्यावर तो त्या रात्री पोचला. ऑस्ट्रेलियाचा अधिकृत बातमीदार चार्ल्स बीन हा सकाळीच किनाऱ्यावर उतरला होता. परंतु त्याचा वृत्तांत काही दिवस मागाहून छापला गेला, आणि तो अधिक संयत होता. लोकांना भावला तो इंग्रजाचा अलंकृत गौरव. नव्या राष्ट्राला स्वतःचे शौर्य दुसऱ्याच्या, तेही साम्राज्याच्या मातृभूमीतील माणसाच्या, तोंडून ऐकायचे होते. स्मृतिदिनाच्या प्रभातविधीत आज जे कडवे म्हटले जाते तेही लॉरेन्स बिन्यन या इंग्रज कवीचे, आणि ते सप्टेंबर १९१४ मध्ये, म्हणजे गॅलिपोलीच्या सात महिने आधी, प्रसिद्ध झालेले आहे. ज्या विधीला राष्ट्राच्या स्वत्वाचा उद्गार मानतात, त्याची वाणी अशी उसनी आहे. यात उपहास करण्यासारखे काही नाही. स्वत्वाची भाषा बहुधा उसनीच सुरू होते. परंतु हे विसरले गेले म्हणजे उसनवारी स्वयंभू वाटू लागते.

बीनचे कार्य याहून मोठे व गुंतागुंतीचे आहे. १९१५ च्या अखेरीस खंदकांतील सैनिकांकडून लेख, कविता व चित्रे मागवून त्याने जे पुस्तक संपादिले, ते 'द अँझॅक बुक' १९१६ साली प्रसिद्ध झाले. सैनिकांचा स्वतःचा आवाज म्हणून ते घरोघर गेले. पुढे १९८५ साली डेव्हिड केंट या अभ्यासकाने नाकारलेले लेखन तपासून दाखविले की भय, कंटाळा, मद्यपान, कडवट उपहास यांना संपादकाने बरेचसे बाहेर ठेवले होते. येथे खोटेपणाचा आरोप करता येणार नाही. प्रत्येक ओळ सैनिकाचीच होती. निवड मात्र संपादकाची होती. स्मृतीचे कर्तृत्व लेखनाइतकेच गाळण्यात असते, याचे हे साक्षात उदाहरण होय.

परंतु याच बीनचा दुसरा पैलूही नोंदविणे न्यायाचे आहे. १९१९ साली तो पुन्हा गॅलिपोलीला गेला, दऱ्या-कडे पायी तुडविले, आणि तेथे लढलेल्या झेकी बे या तुर्की अधिकाऱ्याला समोर बसवून त्या बाजूने काय घडले ते विचारून घेतले. बारा खंडांच्या अधिकृत इतिहासाचा पहिला खंड १९२१ मध्ये निघाला. त्या इतिहासात शत्रूची बाजू आहे, चुका आहेत, पळही आहे. म्हणजे राष्ट्राजवळ इतिहास होता. त्याने निवडले ते माहात्म्य. आपल्याकडील स्थलमाहात्म्यांत जशी शेवटी फलश्रुती असते, तशी येथेही एक आहे : 'या किनाऱ्यावर राष्ट्राचा जन्म झाला.' वस्तुतः ऑस्ट्रेलियन राष्ट्रकुल १ जानेवारी १९०१ रोजीच अस्तित्वात आले होते, आणि तेही मतदानाने. रक्तावाचून झालेला जन्म लोकांना पुरेसा वाटला नाही, एवढाच याचा अर्थ.

या माहात्म्याची पहिली गंभीर वाङ्मयीन चिकित्सा एका नाटकाने केली. अ‍ॅलन सेमूर याचे 'द वन डे ऑफ द इयर' हे नाटक १९६० साली अ‍ॅडलेडच्या महोत्सवाच्या चालकांनी नाकारले. त्याच वर्षी हौशी नटांनी ते त्याच शहरात रंगभूमीवर आणले. विद्यापीठात शिकणारा मुलगा स्मृतिदिनाच्या दारूबाजीवर लेख लिहितो आणि बाप दुखावतो, असा त्याचा विषय. विरोध झाला तो मुलाच्या बोलण्यामुळे. परंतु नाटकाचे मर्म दुसरीकडे आहे. दिवसाचा अभिमान सर्वांत मोठ्याने सांगणारा बाप गॅलिपोलीला गेलेला नाही. तो दुसऱ्या महायुद्धातला. गॅलिपोलीला गेलेला आहे तो त्याचा वयस्क मित्र वॅका. आणि तो फारसा बोलतच नाही. ज्याने पाहिले तो मूक, ज्याने ऐकले तो मुखर. स्मृतीचे हे समाजशास्त्र सेमूरने केवळ संवादांच्या वाटणीतून दाखविले, हे त्याचे नाट्यगुणांतील श्रेष्ठत्व मानले पाहिजे.

पीटर वेअर याच्या १९८१ च्या 'गॅलिपोली' चित्रपटाने उलट दिशेने काम केले. ७ ऑगस्ट १९१५ रोजी 'द नेक' या अरुंद पट्ट्यावर ऑस्ट्रेलियन घोडदळाच्या पायउतार तुकड्यांनी एकामागून एक केलेल्या निष्फळ चढाईवर तो संपतो. हल्ला थांबवू नये असे सांगणारा चित्रपटातील कर्नल ऑस्ट्रेलियन गणवेशात आहे. प्रत्यक्षातही तो निर्णय ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याचाच होता. परंतु त्या पात्राचे उच्चार ऐकून असंख्य प्रेक्षकांनी त्याला इंग्रज समजले, आणि दोष साम्राज्याच्या माथी गेला. डोळ्यांनी गणवेश पाहिला. कानांनी तो बदलला. स्वराघाताने इतिहास लिहिला जातो, याहून मार्मिक दाखला सापडणे कठीण. अ‍ॅलिस्टर थॉमसन याने वृद्ध सैनिकांच्या घेतलेल्या मुलाखतींत तर असे आढळले की, त्यांपैकी काहीजण या चित्रपटातील प्रसंग स्वतःचीच आठवण म्हणून सांगत होते. तीर्थाचे माहात्म्य अखेर तीर्थावर उभे असलेल्या माणसाच्या आठवणीतही शिरले.

५

ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात आणखी एक उतरणे आहे, आणि ते या चर्चेतून टाळता येत नाही. २६ जानेवारी १७८८ रोजी कॅप्टन फिलिप याच्या ताफ्यातील लोक सिडनीच्या खाडीवर उतरले. तेव्हाही किनारा दुसऱ्याचा होता. त्या उतरण्यानंतर मूळ रहिवाशांशी दीडशे वर्षांच्या आसपास ठिकठिकाणी संघर्ष झाले. गॅलिपोलीची स्मृती जपणाऱ्या राष्ट्रीय स्मारकसंस्थेत त्या लढायांना कोठे व कसे स्थान द्यावे, हा वाद अलीकडच्या दशकांत तीव्र झाला आहे. मूळ रहिवाशांपैकी शेकडो तरुण पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातून लढलेही, जरी त्या वेळचा कायदा युरोपीय वंशाचे नसलेल्यांना सैन्यसेवेपासून दूर ठेवणारा होता.

दोन्ही घटनांना इंग्रजीत शब्द एकच आहे. परंतु पहिल्या उतरण्यात जय मिळाला आणि तो अडचणीचा ठरला. दुसऱ्यात पराजय झाला आणि तो पवित्र ठरला. याचे कारण मनोविज्ञानात सापडेल. जिंकलेल्या किनाऱ्यावर उत्तर द्यावे लागते. हरलेल्या किनाऱ्यावर केवळ मृतांना आठवले तरी चालते. ज्याने भूमी घेतली नाही त्याला भूमीबद्दल कोणी विचारीत नाही. एका अकर्मक क्रियापदाच्या आड दोन किनाऱ्यांचा प्रश्न असा झाकला गेला आहे, आणि ज्या देशाला पहिल्याविषयी बोलणे अवघड जाते त्याने दुसऱ्याविषयी इतके बोलावे, हा योगायोग मानता येणार नाही.

६

आता समोरच्या कड्यावरून पाहू. 'गॅलिपोली' व तुर्की 'गेलिबोलू' ही दोन्ही रूपे 'सुंदर नगर' या अर्थाच्या ग्रीक नावाची अपभ्रष्टे आहेत. परंतु तुर्कांच्या स्मृतीतील नाव ते नव्हे, ते 'चनाक्काले'. 'चनाक' म्हणजे मातीचे भांडे व 'काले' म्हणजे दुर्ग. हे 'काले' अरबी 'कलआ'वरून आले. मराठी 'किल्ला' फारसीच्या वाटेने त्याच घरातून आला. ज्यांनी किनारा राखला त्यांनी घटनेला किल्ल्याचे नाव द्यावे, हे सहजच आहे. सैन्य किनाऱ्यावर उतरविण्याच्या क्रियेला तुर्कीत 'चिकार्मा' म्हणतात. 'बाहेर येणे' या धातूचे ते प्रयोजक रूप, म्हणजे पाण्यातून सैन्य बाहेर काढणे. संस्कृत 'उत्तरति' याचा जो मूळ भाव तोच येथे आहे. परंतु ही संज्ञा लष्करी वर्णनापुरतीच राहिली. राष्ट्राने ती उराशी धरली नाही.

राष्ट्राने उराशी धरले ते दुसरेच पद : 'चनाक्काले गेचिल्मेझ'. 'गेच' म्हणजे ओलांडणे, '-इल' हा कर्मणी प्रत्यय, '-मेझ' हा रीतिवाचक नकार. 'चनाक्काले ओलांडली जात नाही'; किंवा मराठीच्या वळणाने सांगायचे तर, 'येथे उतार नाही.' या एका पदात तुर्की स्मृतीचे सगळे रहस्य सामावले आहे. ते कर्मणी आहे. ओलांडू पाहणारा कोण, हे सांगितलेले नाही. अडविणारा कोण, हेही नाही. काळही नाही. ते एका दिवसाचे विधान नव्हे, स्वभावाचे विधान आहे. म्हणून स्मृतिदिनही २५ एप्रिल नव्हे, तर १८ मार्च, म्हणजे आरमार मागे फिरले तो दिवस. ऑस्ट्रेलियाची स्मृती सकर्तृक व कर्महीन; तुर्कांची कर्मयुक्त व अकर्तृक. एकाला आपण आलो एवढे आठवते. दुसऱ्याला कोणी येऊ शकले नाही एवढे.

अकर्तृक विधानाचाही एक लाभ असतो : ज्याला हवे त्याला कर्ता बसविता येतो. प्रजासत्ताकाच्या प्रारंभीच्या पिढ्यांनी तेथे मुस्तफा केमाल याला बसविले आणि त्या लढाईत १९२३ च्या प्रजासत्ताकाची नांदी ऐकली. धर्मनिष्ठ परंपरेने तेथे श्रद्धावान सैनिकाला बसविले. 'शेहित' म्हणजे आपलाच 'शहीद', हा शब्द त्या परंपरेत केवळ उपचाराचा नाही. मेहमेत आकिफ एर्सोय याची हुतात्म्यांवरील कविता या दुसऱ्या स्मृतीचा गाभा होय. आणि बिन्यनप्रमाणे त्यानेही ती रणभूमी स्वतः लढून पाहिलेली नव्हती. दोन्ही बाजूंच्या विधींची वाणी अनुपस्थित कवींनी दिली, हे साम्य विसरण्याजोगे नाही. या दोन कर्त्यांच्या ओढाताणीत इतर कर्ते गळाले. केमालच्या डिव्हिजनमधील तीनपैकी दोन रेजिमेंटी बहुतांशी अरबांच्या होत्या. पाचव्या सेनेचा सेनापती लिमान फॉन सँडर्स जर्मन होता. आणि २४ एप्रिल १९१५ रोजी, किनाऱ्यावरील पहाटेच्या आदल्याच रात्री, राजधानीत आर्मेनियन पुढाऱ्यांची व लेखकांची धरपकड सुरू झाली, जिच्यापुढे एका समाजाचा संहार उभा राहिला. २०१५ साली तुर्कस्थानने शताब्दीचा आंतरराष्ट्रीय समारंभ नेमका २४ एप्रिललाच योजला. एका स्मृतीच्या प्रकाशाने दुसरी झाकता येते, हे यावरून दिसते.

७

दोन एकाक्ष स्मृतींची भेट घडविणारा मजकूर १९८५ साली आरिबुर्नूच्या किनाऱ्यावर दगडात कोरला गेला. त्याच वर्षी तुर्कस्थानने त्या जागेला अधिकृतपणे 'अँझॅक'चे नाव दिले, आणि कॅनबेरात केमाल अतातुर्क याचे स्मारक झाले. परक्या सैनिकांच्या मातांना उद्देशून, तुमची मुले आता आमचीही झाली आहेत, अशा आशयाचे ते उदार शब्द अतातुर्कने १९३४ साली उच्चारले, असे दगडावर नोंदलेले होते. जगातील युद्धस्मारकांवर याहून अधिक उद्धृत झालेला मजकूर क्वचितच असेल.

पाठचिकित्सेच्या कसोटीवर मात्र तो टिकत नाही. १९३४ चा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. माजी गृहमंत्री शुक्रू काया याच्या १९५३ साली तुर्की वृत्तपत्रात आलेल्या मुलाखतीपर्यंतच मागे जाता येते, म्हणजे अतातुर्कच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षे. तुर्की संशोधक जेंगिझ ओझाकिन्जी याने दाखविल्याप्रमाणे 'जॉनी' आणि 'मेहमेत' यांच्यात भेद नाही, हे सर्वांत प्रसिद्ध वाक्य त्या मुलाखतीतही नाही. ते १९७७-७८ च्या सुमारास तुर्की इतिहासमंडळ व ऑस्ट्रेलियातील एक निवृत्त सैनिक यांच्या पत्रव्यवहारानंतर इंग्रजी पाठात आले. येथे भाषेची एक खूण वाचकाला आधीच थबकविणारी होती. 'मेहमेत' हे तुर्की सैनिकाचे लाडके सामान्यनाम; त्याचेच लघुत्ववाचक रूप 'मेहमेतचिक'. पण ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या बोलीत 'जॉनी' हा ऑस्ट्रेलियन नव्हे. 'जॉनी टर्क' म्हणजे समोरच्या खंदकातला तुर्कच. या एका गोष्टीने काही सिद्ध होत नाही. तथापि शिलालेख वाचताना शब्द कोणाच्या तोंडचा आहे, हे विचारण्याची सवय असती तर प्रश्न पूर्वीच पडला असता.

येथे समीक्षकापुढे खरी अडचण उभी राहते. हा मजकूर खोटा असला तरी त्याने भले केले, असा पक्ष मांडता येईल. दोन राष्ट्रांतील वैर त्याने शमविले, मातांना धीर दिला. मग पाठशुद्धीचा हट्ट कशाला? हा पक्ष हलका नाही. तथापि तो मान्य करता येत नाही. ज्या शब्दांनी सांत्वन केले त्यांची किंमत ते कोणी दिले यावर ठरते. शत्रूने दिलेली क्षमा आणि आपल्याच माणसाने शत्रूच्या नावे लिहून घेतलेली क्षमा, या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय त्या मजकुराने सलोखा इतका सोपा केला की कोणालाच काही कबूल करावे लागले नाही. किनारा कोणाचा होता, हे एकाने उच्चारले नाही. त्याच वर्षी आणखी कोण मारले गेले, हे दुसऱ्याने. याउलट १९१९ साली झेकी बेला प्रश्न विचारणारा बीन, आणि त्याला प्रामाणिक उत्तरे देणारा झेकी बे, यांच्या भेटीत उदारतेचा एकही शब्द नाही. पण सत्य आहे, आणि म्हणून खरी मैत्रीही आहे. दगडावर काही कोरायचेच असते, तर त्या संभाषणाची आठवण अधिक योग्य ठरली असती.

८

या स्मृतीत ज्यांना नावच मिळाले नाही अशांविषयी थोडे सांगितले पाहिजे. गॅलिपोलीच्या मोहिमेत सुमारे पंधरा-सोळा हजार भारतीय होते. २५ एप्रिलच्या सकाळी त्या किनाऱ्यावर उतरलेल्या पहाडी तोफांच्या बॅटऱ्या भारतीय सैन्याच्या होत्या. ४ जून १९१५ रोजी १४ व्या शीख पलटणीचे बहुतेक सैनिक एका दिवसात मृत वा जखमी झाले. ऑगस्टमध्ये सारी बैरच्या माथ्यावर काही क्षण पोचलेली पलटण ६ व्या गुरख्यांची होती. दारूगोळा आणि पाणी वाहून नेणारी खेचरे हाकणारे लोकही येथूनच गेलेले. ऑस्ट्रेलियाच्या स्मृतीतील सर्वांत लाडकी आकृती म्हणजे गाढवावरून जखमींना आणणारा सिम्प्सन. तो मूळचा इंग्लंडमधील साउथ शील्ड्सचा. १९ मे १९१५ रोजी मारला गेला. तो आपल्या दलात न राहता भारतीय खेचरवाल्यांच्या तळावर राही, त्यांच्याबरोबर जेवी, आणि ते त्याला 'बहादूर' म्हणत, असे सांगितले जाते. पुतळ्यात गाढव आले. ज्यांनी ती उपाधी दिली ते आले नाहीत.

महाराष्ट्राचा संबंध या किनाऱ्याशी नव्हे, दुसऱ्या एका किनाऱ्याशी आहे. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी, म्हणजे गॅलिपोलीच्या आधी साडेपाच महिने, त्याच उस्मानी साम्राज्याच्या भूमीवर इराणी आखाताच्या माथ्याशी फाव येथे जे सैन्य उतरले ते पुणे डिव्हिजनचे. पुढे याच डिव्हिजनला कुत येथे वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. शरण गेलेल्यांत मराठा पलटणी होत्या. पुण्याचे नाव धारण करणाऱ्या सैन्याचे ते उतरणे मराठीत तीर्थ झाले नाही, दिन झाला नाही, साधा शब्दही झाला नाही. याचे कारण उघड आहे. ते युद्ध मराठी माणसाने केले, पण मराठी राष्ट्रभावनेने आपले मानले नाही, आणि ते सकारणच. तथापि साम्राज्याचे युद्ध नाकारणे एक आणि त्यात मेलेल्या गावकऱ्यांना भाषेतून वगळणे दुसरे. ऑस्ट्रेलियाने एका शब्दात नको तितके भरले. येथे त्यासाठी शब्दच ठेवला नाही. दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत.

९

सारांश, गॅलिपोलीची राष्ट्रीय स्मृती घटनेतून आपोआप निघालेली नाही. ती नामांतून, क्रियापदांच्या प्रयोगांतून, संपादकाच्या निवडीतून, नटाच्या उच्चारातून आणि एका संशयित शिलालेखातून घडली. असे म्हटल्याने मृतांचा अधिक्षेप होत नाही. ऑस्ट्रेलियाचा गॅलिपोलीतील अखेरचा सैनिक अ‍ॅलेक कॅम्बेल मे २००२ मध्ये वारला. त्यानंतर ही स्मृती पूर्णपणे भाषेच्या स्वाधीन झाली आहे, आणि म्हणूनच ती भाषेच्या परीक्षणास पात्र आहे. २०१५ च्या शताब्दीला त्या किनाऱ्यावर प्रवेश मिळावा म्हणून ऑस्ट्रेलियातून आठ हजार व न्यूझीलंडमधून दोन हजार यात्रेकरू चिठ्ठ्या टाकून निवडावे लागले. तीर्थाची गर्दी ओसरलेली नाही.

दरम्यान समोरच्या पदालाही काळाने उत्तर दिले आहे. १८ मार्च २०२२ रोजी त्याच सामुद्रधुनीवर '१९१५ चनाक्काले' या नावाचा पूल खुला झाला. त्याच्या मुख्य गाळ्याची लांबी २०२३ मीटर ठेवली आहे, ती प्रजासत्ताकाच्या शताब्दीची खूण म्हणून; मनोऱ्यांची ३१८ मीटर उंची तिसऱ्या महिन्याच्या अठराव्या दिवसाची. जी ओलांडली जात नाही असे शंभर वर्षे म्हटले गेले, ती आता मोटारीने काही मिनिटांत ओलांडली जाते, आणि ओलांडणाऱ्याच्या पायाखाली तीच तारीख असते. तीर्थाचा मूळ अर्थ त्या पुलाने नकळत परत आणला आहे. तीर्थ म्हणजे थांबण्याची जागा नव्हे, पलीकडे जाण्याची जागा. एका किनाऱ्यावर उभे राहून केलेली स्मृती, मग ती उतरणाऱ्यांची असो वा अडविणाऱ्यांची, अर्धीच राहणार. पलीकडल्या काठावर कोण होते, हे विचारल्यावाचून तिला उतार मिळावयाचा नाही.